बिनकानाचा कप

१

भट्टी उघडायची ती सकाळी. निवलेल्या भट्टीचं दार ओढलं की आधी कोमट हवा तोंडावर येते, मग कप दिसतात. नव्या मालाची खेप असली की मिरची सगळ्यांच्या आधी येऊन दारापाशी उभी राही. कारखान्यात तिला तोंडावर डिझाइनरबाई म्हणत आणि पाठीमागे घरचं नाव घेत. ते नाव वहिनीने ठेवलेलं, लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात. घराला ते इतकं पटलं की खरं नाव फक्त पदवीच्या कागदावर उरलं.

कारखाना बोन चायनाचा, म्हणजे हाडांची राख मिसळलेल्या चिनीमातीचा. माल वर्षानुवर्षं तोच: कडेला सोन्याची रेघ, मध्ये गुलाबांचा गुच्छ आणि कपाला नाजूक मुरडलेला कान. असले संच लोक लग्नात भेट देतात, घेणारे ते काचेच्या कपाटात मांडतात आणि त्यातून चहा प्यायचा राहूनच जातो. मिरचीला त्या कपाटांचा मनापासून राग होता. तिने मालकांपुढे नवा संच मांडला. रेघ नाही, फूल नाही. पांढरी ताटली, पांढरा वाडगा आणि बिनकानाचा कप. अंड्याच्या कवचासारखा पातळ, पोटाशी किंचित फुगीर, दोन्ही तळव्यांत घेऊन प्यायचा.

"हात भाजतील की लोकांचे," मालक म्हणाले.

"भाजले तर सावकाश पितील," ती म्हणाली.

साचे करणाऱ्या मास्तरांनी चित्र पाहून मान हलवली होती. "कान नसलेला कप कुणाचं ऐकणार? तुझ्यासारखाच निघायचा."

"कानवाले तरी कुठे ऐकतात, मास्तर? नुसते कपाटात बसून असतात. आपल्याकडच्या मोठ्या माणसांसारखे."

मास्तर हसले होते, मालक हसले नव्हते. पण एका मोठ्या हॉटेलाला चित्र आवडलं आणि त्यांनी नमुना मागितला. नमुना पसंत पडला तर नवा विभाग मिरचीच्या हातात येणार होता. नाही पडला तर जन्मभर गुलाब.

त्या सकाळी पहिली खेप निघाली. मिरचीने एक कप उचलला आणि खिडकीशी नेला. बोन चायनाची परीक्षा साधी असते. वस्तू उजेडासमोर धरायची, मागे बोटं ठेवायची. बोटांची सावली आरपार दिसली की माल खरा. सावली दिसली, दुधात बोट बुडवावं तशी. तिला इतका आनंद झाला की कप तळव्यात फिरवून बघावासा वाटला. फिरवताना अंगठा घसरला आणि एका जागी जाऊन बसला.

तिथे खळगा होता. डोळ्यांना दिसत नव्हता, पण बोटाला लागत होता. बरोबर फुगीर पोटावर, उथळ, लांबट.

तिने दुसरा कप घेतला. अंगठा पुन्हा तिथेच बसला. मग तिसरा. मग सगळे.

२

"मातीला आठवण असते," मास्तर म्हणाले. हे वाक्य ते वर्षातून अनेकदा म्हणत आणि दरवेळी नव्याने सुचल्यासारखं म्हणत. पण त्यात खोटं काही नव्हतं. ओल्या मातीला कुठे दाब बसला आणि तो पुसून सारखा केला, तरी माती तो विसरत नाही. भट्टीत मऊ झाली की तो दाब पुन्हा उमटतो. कप साच्यातून काढताना कुणीतरी चिमटीत धरला असणार, असं मास्तरांचं म्हणणं. एवढं बोलून त्यांनी ओतकामाच्या खोलीकडे नुसतं पाहिलं.

ओतकामाच्या खोलीत वहिनी असे. पातळ माती साच्यात ओतायची, कडेला जाड थर बसला की उरलेली ओतून टाकायची, कप सुकला की अलगद काढायचा आणि ओल्या स्पंजने कड साफ करायची. हे काम तिच्याइतकं हलक्या हाताने कुणी करत नसे. तिची लेक, ठकी, याच खोलीत प्लॅस्टरच्या गोण्यांवर चढून मोठी झाली. मोठी म्हणजे चार वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि ठकी गेली. दादाने दूरची नोकरी धरली आणि रविवारच्या फोनपुरता उरला. वहिनी घरात भिंतीकडे बघत बसे. शेवटी मिरचीनेच तिला हाताला धरून पुन्हा कामावर आणलं होतं. त्यामुळे मास्तरांच्या त्या बघण्याने मिरचीच्या डोक्यात तिडीक गेली.

"पुढची खेप मी काढते," ती म्हणाली. "मग बघू कुणाच्या हाताचा दोष आहे ते."

आणि तिने सगळं स्वतः केलं. नवी माती गाळून घेतली. हातमोजे घातले. कप बोटांनी धरलाच नाही. साचा फळीवर उपडा करून कप आपोआप उतरू दिला. भट्टीत ठेवण्याआधी प्रत्येकाच्या पोटावरून पट्टीची कड फिरवून पाहिली. कुठेही खाच नव्हती. भट्टीच्या दाराची कडी तिने स्वतः लावली.

दोन दिवसांनी दार उघडलं. खळगे होते. या वेळी एकटा अंगठा नव्हता. समोरच्या बाजूला चार लहान, पुसट खळगे एका ओळीत होते.

मास्तर म्हणाले, साच्यात हवा अडकली असेल. मग म्हणाले, आच एका बाजूने लागली असेल. मिरचीने त्यांना विचारलं की हवेला बोटं किती असतात. साचा धुवायच्या निमित्ताने मास्तर आत निघून गेले.

वहिनी दारात येऊन उभी होती. तिने एक कप घेतला, नुसता हातात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग हा घरी नेऊ का म्हणून विचारलं. बाद मालातलाच होता. "ने," मिरची म्हणाली.

३

घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठकीचा हात होता. प्लॅस्टरचा. ती चार वर्षांची झाली तेव्हा मास्तरांनीच गंमत म्हणून तिचा हात साच्यात घेतला होता. घट्ट होईपर्यंत हलायचं नाही म्हटल्यावर ठकीने श्वाससुद्धा धरून ठेवला होता आणि लालबुंद झाली होती. तो हात वहिनी रोज पुसत असे.

संध्याकाळी मिरची भाजी चिरत होती. मागे काहीतरी हलकं वाजलं, प्लॅस्टर चिनीमातीला लागल्यासारखं. वळून पाहिलं तर वहिनीने तो हात कपाला लावून पाहिला होता. प्लॅस्टरचा अंगठा खळग्यात बसला होता. नुसता टेकला नव्हता. झाकण बसावं तसा बसला होता. कुठे फट नव्हती.

"बघ," वहिनी म्हणाली.

मिरचीने पाहिलं, आणि लहान मुलांचे अंगठे सारखेच असतात असं काहीतरी बोलली. वहिनीने वाद घातला नाही. त्या दिवशी ती पोटभर जेवली. भांडी घासताना गुणगुणत होती. दोन वर्षांत या घरात कुणी गुणगुणलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने केस नीट विंचरले आणि मिरचीला विचारलं की हल्ली तुझी ती मैत्रीण येत नाही का, भांडलीस वाटतं. मिरचीला हसावं की रडावं कळेना. खळगा कशानेही पडलेला असो, वहिनी परत येत होती. एखादी खुळी समजूत माणसाला जेवायला उठवत असेल तर राहू द्यावी, असं तिने ठरवलं. एरवी असल्या समजुती बाळगणाऱ्या म्हाताऱ्यांना ती धारेवर धरत असे.

सकाळी ती नव्या वाडग्याचं चित्र काढायला बसली. सवयीने आधी माप वाढवून घेतलं. बोन चायना भट्टीत आक्रसतं. आठ बोटांची वस्तू आत ठेवली तर सात बोटांची होऊन बाहेर येते. म्हणून इथे सगळं आधी मोठं काढतात. या कारखान्यात झाडूवाल्यालाही हे माहीत होतं.

तिची पेन्सिल तिथेच थांबली.

खळगा उमटतो भट्टीत, पण दाब बसतो तो ओल्या मातीवर. म्हणजे खळगासुद्धा आक्रसून बाहेर आला. भाजलेल्या कपात ठकीचा अंगठा तंतोतंत बसत असेल, तर ओल्या कपाला लागलेला अंगठा त्याहून मोठा होता. चार वर्षांच्या पोरीचा नव्हता. सहा वर्षांच्या पोरीचा होता.

ठकी असती तर सहा वर्षांची असती.

मिरचीने तो कागद चुरगळला. दोघींनी पाहताना चूक केली, माप घ्यायला नको होतं तिथे घेतलं, बस. नजरचुकीवरून एवढं घाबरायचं काय? पण त्यानंतर भट्टीजवळून जाताना तिची पावलं आपोआप लवकर पडू लागली.

४

हॉटेलवाल्यांचा फोन आला. नमुना कधी देताय, असं ते जरा कोरड्या आवाजात विचारत होते. मिरचीने तिसरी खेप लावली. या वेळी साचाच नवा केला.

दार उघडल्यावर तिने कप उचलला तो दोन बोटांनी, काठाला धरून. तरी पोटावरचे खळगे तिच्या नजरेत आले, कारण आता ते दिसण्याइतके झाले होते. अंगठा तिच्या अंगठ्याहून थोडाच लहान होता. समोरची चार बोटं लांबसडक, एकमेकींना खेटलेली. शाळकरी मुलगी, फार तर बारा-तेरा वर्षांची.

वहिनीला काही सांगावं लागलं नाही. तिने कप हातात घेतला, आपली बोटं त्या बोटांच्या जागी ठेवली आणि डोळे मिटून उभी राहिली. मग तिने मिरचीला भट्टीमागच्या बोळात नेलं. तिथे फुटक्या मालाचे ढीग असत आणि सहसा कुणी येत नसे.

"एवढ्या घाईने भट्ट्या लावू नकोस," वहिनी म्हणाली.

"का?"

"का ते तुला माहीत आहे. एका भट्टीत किती वर्षं जातायत, पाहिलंस ना? मला तिला जरा बघू दे. महिन्याला एक लाव. जमलं तर वर्षाला एक. मी मालकांच्या पाया पडते."

मिरचीला दया आली. पण दयेच्या आधी राग आला, नेहमीसारखा. आजवर घरात जे जे बुडालं ते असंच, कुणाच्या तरी भाबडेपणापायी सगळ्यांनी थांबून राहिल्यामुळे, असं तिला वाटे. त्यात हॉटेल, त्यात मास्तरांचं ते बघणं. आणि त्या सगळ्याखाली भीतीही होती, पण ती भीती आहे हे कबूल करायला ती तयार नव्हती.

"कपात खळगा आहे, वहिनी," ती म्हणाली. "मूल नाही. मातीत दोष आहे, मी तो काढणार आहे. दोष गेला की तुझ्याही डोक्यातलं हे जाईल. तुझ्याच भल्याचं आहे."

वहिनी रागावली नाही. "मी या घरात आल्यापासून बघतेय, तू अशीच," ती म्हणाली. "दुखरा दात दिसला की ओढायचा."

मग ती आत गेली आणि कामाला लागली. मिरचीने मातीचं मिश्रण बदललं. हाडांची राख कमी करून पाहिली, दुसरीकडून मागवून पाहिली. कपाची जाडी वाढवली, मग पुन्हा कमी केली. एक भट्टी निवते न निवते तोच दुसरी लागे.

५

त्या दिवसांत कारखान्यात कुणी मिरचीशी जास्त बोलेना. पाहायचं मात्र सगळे पाहत. कप निघाले की लोक काहीतरी काम काढून जवळून जात आणि न थांबता पुढे जात.

एका खेपेत अनामिकेच्या खळग्यावर आडवी बारीक रेघ उमटली, अंगठी घातल्यासारखी. वहिनीने त्या रेघेवरून नख फिरवलं. "झालं वाटतं लग्न," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण घरचं कार्य आपल्याला न कळवता उरकलं गेल्यावर माणसाच्या तोंडावर येतं तसं. पुढच्या खेपेत रेघ होती आणि बोटं भरलेली, कामाने रुंद झालेली होती. ती वहिनीच्या बोटांशी जुळत होती. वहिनीने तो कप तोंडाशी नेला आणि काठाशी अगदी हळू काहीतरी बोलली. मिरचीला ऐकू आलं नाही, आणि तिने ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

त्यानंतरच्या खेपेत बोटांची पेरं फुगलेली होती. करंगळी वाकडी झाली होती. दाबही सारखा नव्हता, कुठे खोल, कुठे नुसता टेकल्यासारखा. मास्तरांनी तो कप पाहिला, स्वतःचा म्हातारा हात पाहिला आणि कप फळीवर ठेवून दिला.

यापुढे काय उरलंय ते मिरचीला तेव्हा कळलं. कळलं म्हणजे पटलं नाही. पण पटण्याची वाट बघायला वेळ नव्हता. ती धावत भट्टीकडे गेली, कारण पुढची खेप आत होती. पहाटे हे कप न बघताच बाहेर काढून तिने ती लावली होती. आता दुपार होती आणि आच शेंड्याला पोचत आली होती.

भट्टीच्या दाराला एक लहान भोक असतं. गडद काच डोळ्यांपुढे धरून त्यातून आत बघतात. एवढ्या आचेला आत सावली उरत नाही. भिंती, फळ्या, कप, सगळं एकाच रंगाने पेटलेलं असतं आणि कुठे काय आहे ते नीट उमगतही नाही. मिरचीने हे शेकडो वेळा पाहिलं होतं.

आत सावली होती.

मधल्या फळीपाशी, मळकट, आगीत असायला नको इतकी थंड दिसणारी. कपाकडे दोन हात आले. थरथरत होते. कप उचलायला नव्हे, नुसता धरायला. हात शेकायला धरतात तसा त्यांनी तो धरला. मऊ झालेली माती बोटांखाली जराशी दबली, आणि पुढच्याच क्षणी पुन्हा वर आली. त्या हातांत तेवढंही बळ उरलं नव्हतं. हातांच्या मागे काहीतरी वाकलेलं होतं, खाली घातलेल्या मानेसारखं. मिरचीने काच खाली केली.

वहिनी तिच्या शेजारीच उभी होती. कधी आली कुणास ठाऊक.

मिरचीचा हात बटणावर होता. बंद केली तर कप अर्धकच्चे राहतील, खेप जाईल, त्याचं तिला काही वाटत नव्हतं. पण बंद केल्याने आतलं ते थांबेल की संपेल, हे तिला माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी मोठ्या माणसाने सांगायला हवं होतं.

"वहिनी, बंद करू?"

वहिनीने हळूच तिचा हात बटणावरून काढला.

"नको," ती म्हणाली. "तिला थंडी वाजेल."

मग तिने भिंतीलगतचा बाक ओढून भट्टीच्या दारासमोर आणला. दोघी बसल्या. आच ठरल्या वेळी आपली आपण उतरू लागली. विटा कुरकुरल्या. निवताना कप एकेक करून टिंग टिंग वाजतात, तसे थोडा वेळ वाजले. पुढे आवाज विरळ झाले. दोन आवाजांमधली शांतता वाढत गेली आणि शेवटी नुसती शांतताच उरली. वहिनीने तळवा दारावर ठेवला होता. चटका बसत असणार, पण तिने तो काढला नाही. त्या दिवशी दोघी घरी गेल्या नाहीत.

६

सकाळी मास्तरांनी दार उघडलं. त्यांनी पहिला कप काढला, फिरवला, पोटावरून अंगठा फिरवला. मग दुसरा. मग भराभर सगळे. त्यांचा चेहरा उजळत गेला.

"स्वच्छ!" ते म्हणाले. "एकातही काही नाही. जिंकलीस, पोरी."

मालक आले, हॉटेलला फोन गेला, पुढची खेप केव्हा लावायची याची चर्चा सुरू झाली. कुणीतरी मिरचीच्या हातात कप दिला. तिने तो दोन्ही तळव्यांत धरला. चित्रात काढला होता तसा होता, तंतोतंत. गोल, गुळगुळीत, फुगीर. तिची बोटं त्याच्या पोटावरून फिरत राहिली. त्यांना टेकायला कुठेही जागा मिळाली नाही.

वहिनीने फळीवरचा प्रत्येक कप हातात घेऊन पाहिला. घाई केली नाही. शेवटचा खाली ठेवला, ॲप्रन सोडून खुंटीला लावला आणि नळावर कोपरापर्यंत हात धुतले. मग ती भट्टीमागच्या बोळात गेली. मिरची तिच्या मागे गेली. माफी मागायची होती, पण कशाची आणि कुठल्या शब्दांत ते तिला सुचेना.

वहिनीने फोन काढला होता. रविवार नव्हता. पलीकडे दादाने लगेच उचलला असावा.

"आपली ठकी गेली," ती म्हणाली.

पलीकडे दादा काहीतरी बोलला. तो काय बोलला असेल हे मिरचीला न ऐकताही कळलं.

"हो, तेव्हा गेली होती," वहिनी म्हणाली. तिचा आवाज दोन वर्षांत पहिल्यांदाच रडका झाला होता, आणि रडका असूनही शांत होता. "आता म्हातारी होऊन गेली. लग्न झालं होतं तिचं. नाही, मला तरी कुठे बोलावलं होतं? पण सगळं झालं. हात बघितले ना मी तिचे."

कारखान्यातून हसण्याचे आवाज येत होते. मग दादाने काहीतरी विचारलं असावं, अगदी हळू. वहिनीने मिरचीकडे पाहिलं, दुसरा हात लांब करून तिचा हात धरला, आणि मिरचीला जाणवलं की तो तळवा भाजून सोललेला आहे.

"नाही रे," वहिनी फोनमध्ये म्हणाली. "एकटी नव्हती. आम्ही दोघी बाहेर बसलो होतो."